पायांसाठी केलेले संगीत

श्रोतेहो, 'डिस्को' हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतही कुणाला नवा नाही. १९८० साली 'कुर्बानी' हा हिंदी चित्रपट आला आणि त्यातले नाझिया हसन हिचे गाणे गावोगावच्या कर्ण्यांवरून ऐकू येऊ लागले. पुढे दोनच वर्षांनी 'डिस्को डान्सर' आला, आणि त्या शब्दाबरोबर एक अर्थही आपल्या मनात पक्का बसून गेला. डिस्को म्हणजे धांगडधिंगा! डोळे दिपवणारे दिवे, चकाकणारे कपडे, आणि ज्याला ना सूर ना अर्थ असा एकसुरी ताल. घरातले वडीलधारे म्हणतात, "अरे, हे काय गाणं झालं? नुसती धडधड!"

आज ह्या शब्दाची दुसरी बाजू तुमच्यापुढे मांडावी असा माझा विचार आहे. त्यासाठी फार पसारा न मांडता मी एकच तबकडी घेतो. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात 'शीक' नावाचा एक वाद्यवृंद होता. १९७८ साली त्याने 'से शीक' ही तबकडी काढली. 'शीक' हा शब्द फ्रेंच आहे. नीटनेटका, रुबाबदार, असा त्याचा अर्थ. ह्या तबकडीत एकंदर आठ रचना आहेत आणि ती ऐकायला सुमारे चाळीस मिनिटे लागतात. सोल, जॅझ आणि नाचाचा ताल ह्या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र नांदतात. त्या कशा नांदतात, आणि त्या नांदाव्यात म्हणून दोन तरुणांनी काय विद्या पणाला लावली, हेच आजच्या भाषणाचे सूत्र.

प्रथम ह्या तीन शब्दांची ओळख करून घेऊ. गुलामगिरीतून सुटलेल्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आपल्या चर्चमध्ये एक भरघोस, कंठ मोकळा सोडून गाण्याची रीत वाढवली. तीच रीत देवळाबाहेर येऊन प्रेमाची आणि संसाराची गाणी गाऊ लागली, तिला सोल म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. जॅझ हाही त्याच लोकांचा वारसा. त्यात मूळ चाल ठरलेली असते, पण वादक तिच्यावर ऐन वेळी आपल्या बुद्धीने विस्तार करतो. आपल्या गायकाने रागाची बढत करावी, तसाच काहीसा तो प्रकार. आणि डिस्को? 'डिस्कोथेक' ह्या फ्रेंच शब्दाचा अर्थ तबकड्या ठेवण्याची जागा. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये काळे, लॅटिन अमेरिकेतून आलेले आणि समलिंगी लोक, म्हणजे ज्यांना उजळ माथ्याने कुठे जाता येत नसे असे लोक, रात्री एकत्र जमून तबकड्यांवर नाचत. तिथे जन्मलेले हे संगीत. ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून आलेले नाही, हे ध्यानात असू द्या.

आता त्या दोन तरुणांकडे वळू. एक नाइल रॉजर्स आणि दुसरा बर्नार्ड एडवर्ड्स. दोघेही १९५२ साली जन्मलेले. रॉजर्स न्यूयॉर्कचाच. एडवर्ड्स नॉर्थ कॅरोलिना राज्यातला, पण वाढला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. रॉजर्सचे बालपण फार ओढगस्तीचे होते. घरात मादक द्रव्यांचे व्यसन, आज ह्या नातलगाकडे तर उद्या त्या, असे दिवस त्याने काढले. पण गिटार हातात आली आणि त्याने ती सोडली नाही. मुलांसाठीच्या 'सेसमी स्ट्रीट' ह्या दूरदर्शन कार्यक्रमाच्या फिरत्या वाद्यवृंदात त्याने वाजवले, हार्लेममधल्या अपोलो थिएटरच्या वाद्यवृंदात वाजवले, आणि बरोबरीने जॅझचे रीतसर शिक्षण चालू ठेवले.

येथे शिक्षकांनी मुद्दाम ऐकावी अशी एक गोष्ट आहे. रॉजर्सने ती स्वतः अनेकदा सांगितली आहे. टेड डनबार हे त्याचे जॅझचे गुरू. एकदा पोटासाठी कुठेतरी 'शुगर, शुगर' हे बाळबोध, लोकप्रिय गाणे वाजवण्याची पाळी त्याच्यावर आली. तो गुरूंकडे कुरकुर करू लागला, की असले रद्दी गाणे मला वाजवावे लागते! डनबारांनी त्याला विचारले, ते गाणे रद्दी असे कशावरून? ते लाखो लोकांनी विकत घेतले आहे. ज्या लाखो अनोळखी माणसांना तू कधी भेटणारही नाहीस, त्यांच्या अंतःकरणाशी जे गाणे बोलते, ते वाईट कसे? रॉजर्स म्हणतो, त्या दिवशी माझे डोळे उघडले. थोड्याच दिवसांत त्याने नाचाचे आपले पहिले गाणे लिहिले.

पाहा, गुरू जॅझचा. त्याने शिष्याला असे सांगितले नाही, की जॅझ सोड आणि बाजारात बस. विद्या सोडू नको, पण ती ज्यांच्यापर्यंत न्यायची त्या माणसांना हलके समजू नको, एवढेच त्याचे सांगणे. 'से शीक' ह्या तबकडीचे सारे मर्म मला ह्याच उपदेशात दिसते.

हा उपदेश प्रत्यक्षात कसा उतरला? त्यासाठी डिस्कोचा ताल समजून घेतला पाहिजे. शाळेत लेझीम घेताना गुरुजी "एक, दोन, तीन, चार" मोजतात ना? तसे चार ठोके, चारही सारख्या वजनाचे. ढोल वाजवणारा पायाने हे ठोके देत राहतो. मिनिटाला सुमारे १२० ठोके, म्हणजे सेकंदाला दोन. झपझप चालणाऱ्या माणसाची पावले साधारण ह्याच लयीत पडतात. म्हणून नाच न शिकलेल्या माणसालाही ह्या तालावर पाय टाकता येतो. अडाणी पायालाही वाट दाखवणारा हा ताल आहे. पण तो इतका सोपा असल्यामुळेच त्याच्यावर काय बांधायचे, हा प्रश्न अवघड होतो. नुसते ठोके देत राहिलात तर वडीलधाऱ्यांचा आक्षेप खरा ठरतो: नुसती धडधड!

'शीक'ने त्याच्यावर काय बांधले ते सांगतो. ढोलावर टोनी थॉम्पसन हा दणकट हाताचा वादक. त्याच्या जोडीला एडवर्ड्सची बेस गिटार, म्हणजे खर्जातली गिटार. इतर वाद्यवृंदांत खर्ज मागे राहून नुसता आधार देतो. इथे तो पुढे येऊन चाल सांगतो. एडवर्ड्सचा खर्ज गुणगुणता येतो, हीच त्याची ओळख. आणि रॉजर्सची गिटार? तिचे काम आणखी बारकाईचे. पूर्वी तो जॅझवाल्यांची पोकळ पोटाची गिटार वाजवीत असे. एडवर्ड्सच्या आग्रहावरून त्याने भरीव लाकडाची विजेची गिटार घेतली आणि वाजवण्याची पद्धतही बदलली. उजवा हात एका आवर्तनात सोळा वेळा खालीवर हलत राहतो, क्षणभरही थांबत नाही. डावा हात मात्र तारा कधी दाबतो, कधी सैल सोडतो. दाबल्या की स्वर उमटतो, सैल सोडल्या की नुसता 'चिक्' असा कोरडा आवाज. त्यामुळे तीच गिटार स्वरही देते आणि तालही धरते. हाताखालच्या स्वरांच्या जुळण्या मात्र जॅझच्या, साध्या गाण्यात सहसा न येणाऱ्या. नाचणाऱ्याला त्या कळत नाहीत. त्याला एवढेच वाटते, की ह्या गाण्यात काहीतरी गोडी आहे. भाजीत मीठ दिसते का हो? पण नसले तर लगेच कळते.

ह्या तबकडीतल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे नाव 'ल फ्रीक'. त्याच्या जन्माची कथा मोठी बोलकी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली 'स्टुडिओ ५४' नावाचा एक नाचाचा क्लब निघाला. आत कुणाला सोडायचे आणि कुणाला नाही, हे दारावरचा माणूस तोंड पाहून ठरवी. त्याच वर्षीच्या शेवटच्या रात्री, म्हणजे ३१ डिसेंबरला, ग्रेस जोन्स ह्या गायिकेने रॉजर्स आणि एडवर्ड्स ह्यांना तेथे बोलावले होते. दोघे उत्तम कपडे करून गेले. दारावर त्यांचे नाव नव्हते. द्वारपालाने त्यांना वाटेला लावले. त्या काळात त्यांच्या तबकड्यांवर न्यूयॉर्कचे क्लब नाचत होते, आणि त्या तबकड्या करणारे दोघे बाहेर थंडीत उभे!

दोघे जवळच असलेल्या रॉजर्सच्या घरी आले. मन संतापाने भरलेले. वाद्ये घेतली आणि त्या द्वारपालाला उद्देशून एक शिवी तालात म्हणू लागले. म्हणता म्हणता एडवर्ड्सच्या ध्यानात आले, की चाल तर झकास जमली आहे. पण शिवी काही नभोवाणीवर चालायची नाही. मग शब्द बदलत बदलत ते 'फ्रीक' ह्या शब्दापाशी आले. त्या सुमारास त्या नावाचा एक नाच तरुणांत लोकप्रिय होता. अपमानातून निघालेली शिवी अशी नाचाचे आमंत्रण होऊन बसली. डिसेंबर १९७८ मध्ये ते गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. तेथून दोनदा खाली आले आणि दोन्ही वेळा पुन्हा वर चढले. राग तर सगळ्यांनाच येतो. तो राग इतरांच्या आनंदासाठी राबवायचा, ही गोष्ट निराळी.

त्या गाण्यात जाता जाता 'सॅव्हॉय' ह्या नावाचा उल्लेख येतो. ऐकणारा तो सहज सोडून देईल. पण तो उल्लेख समजला, तर ह्या तबकडीत जॅझ आणि नाच एकत्र का आले, ह्याचा उलगडा होतो. सॅव्हॉय हे हार्लेममधले नाचाचे प्रचंड दालन, १९२६ साली उघडलेले. त्या काळी अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसण्याची चोरी होती, पण सॅव्हॉयच्या जमिनीवर दोघे एकत्र नाचत. आणि तिथे वाजत काय असे? जॅझ! चिक वेब ह्याच्यासारख्या वादकांचे मोठे वाद्यवृंद तिथे रात्र रात्र वाजवीत. म्हणजे जॅझ हे मुळात नाचाचेच संगीत होते.

मग ते खुर्चीत बसून ऐकायचे संगीत कसे झाले? कारणे अनेक आहेत. तरुण वादकांना अधिक अवघड, अधिक वेगाचे वादन करावेसे वाटू लागले, हे एक कारण. दुसरे कारण अगदीच व्यवहारी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, जिथे नाच किंवा गाणे होते अशा ठिकाणच्या बिलावर सरकारने ३० टक्के कर बसवला. तो लवकरच २० टक्क्यांवर आला, पण राहिला बरीच वर्षे. नुसती वाद्ये वाजली तर कर नाही. मग मालक नाच कशाला ठेवतील? जॅझ हळूहळू बसून ऐकण्याची गोष्ट झाली, तिला प्रतिष्ठा आली, आणि नाचाचे संगीत ते खालच्या पायरीचे, असा समज रूढ झाला. सॅव्हॉय १९५८ साली बंद पडले. वीस वर्षांनी, ज्यांना क्लबच्या दारातून परत पाठवले त्या दोघांनी आपल्या गाण्यात सॅव्हॉयची आठवण काढली. जॅझची विद्या त्यांनी पुन्हा नाचाच्या जमिनीवर आणून ठेवली. तिला भ्रष्ट केले असे मी म्हणणार नाही. तिला तिच्या माहेरी नेले, असे म्हणेन.

आता तबकडीतल्या इतर रचनांकडे थोडक्यात पाहू. 'सावुआर फेअर' ह्या रचनेत शब्दच नाहीत. व्हायोलिनांच्या मंद लाटांवर रॉजर्सची गिटार एकेका स्वराने बोलत जाते. इथे तो उघडउघड जॅझचा शिष्य आहे. 'आय वॉन्ट युअर लव्ह' ह्या गाण्यात नाचाचा ताल आहे, पण त्यावर चर्चमधल्यासारख्या घंटा वाजतात आणि गाण्यात एक उदास हुरहूर भरून राहते. 'अॅट लास्ट आय अॅम फ्री' हे तर संथ लयीचे, सात मिनिटांचे सोल गीत. ही दोन्ही गाणी अल्फा अँडरसन ह्या गायिकेने गायिली आहेत. ह्या बाईंनी पुढे शिक्षणाच्या क्षेत्रातही काम केले. २०२४ साली त्या वारल्या. त्या संथ गीतात त्या आवाज कुठेही फेकत नाहीत. गाणे आतून दाटून येते, आणि नाचून थकलेला माणूस भिंतीला टेकून ऐकत उभा राहावा, असा परिणाम होतो. एका रात्रीच्या नाचात उसळी असते तसा विसावाही असतो. तबकडीची मांडणी तशीच आहे.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, "मग ह्या संगीताला एवढी नावं का ठेवतात?" प्रश्न योग्य आहे. खरे सांगायचे तर काही दोष डिस्कोच्या बाजारातही होता. पैसा मिळतो म्हटल्यावर तबकड्यांच्या कंपन्यांनी सुमार मालाचे ढीग ओतले. जो तो त्याच चार ठोक्यांवर काहीही ठोकू लागला. लोकांना वीट येणे स्वाभाविक होते. पण १९७९ साली जे घडले ते नुसत्या विटण्याने घडत नाही. त्या वर्षी १२ जुलैला शिकागो शहरात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये, एका नभोवाणी-निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्या सुरुंग लावून उडवण्याचा जाहीर कार्यक्रम झाला. जो तबकडी घेऊन येईल त्याला ९८ सेंटांत प्रवेश. हजारो लोक जमले. स्फोटानंतर जमाव मैदानात घुसला, दुसरा सामना रद्द करावा लागला. तेथे काम करणाऱ्या एका काळ्या तरुणाने पुढे सांगितले, की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या, पण काळ्या गायकांच्या म्हणून आणलेल्या तबकड्याही होत्या. ह्यावरून त्या सुरुंगाचा रोख कुठे होता, ते तुम्हीच ठरवा.

त्याच उन्हाळ्यात 'शीक'चे 'गुड टाइम्स' हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. पण ते त्यांचे शेवटचे मोठे यश ठरले. वारे फिरले होते. संगीत मात्र संपले नाही. 'गुड टाइम्स'मधला एडवर्ड्सचा खर्ज उचलून त्याच वर्षी 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे निघाले, आणि ज्याला आज रॅप म्हणतात तो प्रकार त्या गाण्यामुळे जगभर पोहोचला. आज आपल्याकडची पोरेही मराठीत रॅप करतात. त्या वाटेच्या आरंभी हा खर्ज आहे. पुढे डायना रॉस, डेव्हिड बोवी, मॅडोना अशा नामांकित गायकांच्या तबकड्या ह्या दोघांनी मिळून किंवा एकट्या रॉजर्सने घडवल्या. १९९६ च्या एप्रिलमध्ये टोकियोला कार्यक्रम झाल्यावर एडवर्ड्स न्यूमोनियाने वारला. अंगात ताप असताना तो रंगमंचावर उभा राहिला होता. टोनी थॉम्पसन २००३ साली गेला. रॉजर्स सत्तरी ओलांडूनही वाजवीत आहे. आणि ज्या 'ल फ्रीक'चा जन्म बंद दारापुढे झाला, ते गाणे २०१८ साली अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने राष्ट्राचा ठेवा म्हणून कायम जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत घेतले. सुरुंग लावणाऱ्यांच्या शहरातून हा ठेवा काही नाहीसा झाला नाही.

शिक्षकांना शेवटी एक सुचवतो. ही तबकडी आता भ्रमणध्वनीवरही ऐकायला मिळते. वरच्या वर्गातल्या मुलांना त्यातले एक गाणे तीनदा ऐकवा. पहिल्या वेळी सांगा, फक्त ढोलाचे ठोके मोजा. दुसऱ्या वेळी फक्त खर्ज ऐका आणि गुणगुणा. तिसऱ्या वेळी ती 'चिक् चिक्' करणारी गिटार शोधा. मधेच काही वाद्ये गप्प होतात आणि पुन्हा एकेक करून परततात. ती परतताना आपल्या अंगात काय होते, ते मुलांना लिहून काढायला सांगा. एरवी नुसती धडधड वाटणाऱ्या गोष्टीत किती जणांची मेहनत गुंफलेली आहे, हे मुलांना व्याख्यानापेक्षा ह्या खेळातून चांगले कळेल.

आणि तुम्हां सर्वांना, श्रोतेहो, एवढेच सांगायचे आहे. दिवसभर राबलेल्या माणसाचे पाय संध्याकाळी आपोआप उचलले जावेत, असे संगीत करणे हे हलके काम नव्हे. ते करणाऱ्याला विद्या लागते, आणि त्या राबणाऱ्या माणसाविषयी आदर लागतो. हे दोन्ही जिथे असेल, तिथे गाण्याची जात विचारण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी कुठे असा ताल कानी पडला तर "नुसती धडधड" म्हणण्यापूर्वी घटकाभर थांबा. ठोक्यांच्या खाली काय चालले आहे, तिकडे कान द्या. काही नसले तर नाव ठेवायला आपण मोकळे आहोतच. पण असले, तर आपला एक आनंद वाढेल.